भुंग्यांविना

पॉलीहाऊसमधले भुंगे मेले, तेव्हा मावशीने हायच खाल्ली. टोमॅटोचं फूल भुंग्याच्या गुणगुणाटाने थरथरलं, की त्यातून पराग सुटतो आणि मग फळ धरतं. या खेपेला फळ धरलं नाही, तर तिला पॉलीहाऊस बंद करावं लागणार होतं.

मी मदतीला आले आणि आठवडाभरात पुढच्या रांगांमध्ये हिरवी फळं दिसू लागली.

"बघ, तुझा पायगुण!" मावशी हसली.

पायगुणाने पराग सुटत नाही. मी कान दिला. गुणगुणाट होताच, अगदी जवळ. मी भुंग्यांच्या पेट्या उघडून पाहिल्या. आत वाळलेले भुंगे होते. बाहेरचा भुंगा आत यायला जाळीला कुठेही फट नव्हती. मी मागच्या रांगेत गेले, तर आवाज माझ्याबरोबर आला आणि तिथली फुलं थरथरू लागली.

"मावशी, तुला येतोय का गं हा आवाज?"

ती माझ्या गळ्याकडे बघत होती. मी गळ्यावर हात ठेवला, तर तळहाताला मुंग्या आल्या. मी ओठ घट्ट मिटले, श्वास रोखला. गळा थरथरतच राहिला.

मावशीने माझा हात हळूच बाजूला केला.

"थांबवू नकोस गं राणी," ती म्हणाली. "अजून अर्धं पॉलीहाऊस राहिलंय."