आठवी बाटली

"ही आठवी बाटली कुणी ठेवली?" सत्यशीलानं विचारलं.

धावडा गावातल्या सात विहिरींचं पाणी तिनं सकाळीच भरून आणलं होतं. आठव्या बाटलीवर चिठ्ठी नव्हती. ती काम करत होती त्या औरंगाबादच्या प्रयोगशाळेतलं यंत्र ओसरीवर मांडलेलं होतं. बाटलीत सोडलेला, प्रयोगशाळेत खास घडवलेला फाज नावाचा विषाणू हगवणीच्या जंतूत शिरला, की जंतू उजेड देतो. डोळ्यांना न दिसणारा तो उजेड यंत्र मोजतं. सहा विहिरी चांगल्या निघाल्या. घरच्या विहिरीचा आकडा मात्र तीनशेवर गेला. आठव्या बाटलीचाही तेवढाच.

खांबाला टेकलेल्या तिच्या सासूनं, सोनूबाईनं, हात पदराआड घेतले. नातू वर्षाचा झाला तरी तिनं त्याला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. शिकलेली सून पसंत नाही, असा सत्यशीलानं आपला सरळ अर्थ लावला होता. मनातून ती धुमसत होती.

"माझ्या हाताचं धुवण हाये ते," सोनूबाई अखेर म्हणाली. "थोरलं लेकरू माझ्या हातचं खाऊन हगवणीनं गेलं. सासू म्हनल्या, हिच्या हातचं मानवत न्हाई. मंग तुझ्या नवऱ्याला बी नणंदेनंच वाढवलं. यंत्र खरं सांगतं म्हनून चोरून ठेवली बाटली. आला ना आकडा?"

सत्यशीलाला स्वतःचीच लाज वाटली. एवढी वर्षं ही बाई आपल्याच हातांना भीत जगली होती.

"कोणत्या पाण्यानं धुतले हात, आत्याबाई?"

"आपल्याच विहिरीच्या. दुसरं कुठून आनू?"

सत्यशीला उठली. त्याच विहिरीच्या पाण्यानं तिनं स्वतःचे हात धुतले, धुवण नव्या बाटलीत भरलं आणि त्यात फाज सोडला. तीन तास दोघी यंत्रापाशी बसून राहिल्या. चहासुद्धा कुणाला सुचला नाही.

आकडा तोच आला.

"बघा. याच हातांनी मी बाळाला रोज भरवते. पाणी तेवढं उकळून देते. खोट हातात नाही आत्याबाई, विहिरीत आहे."

सोनूबाई आकड्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर डोळ्यांना लावला. सत्यशीलानं साबण आणला, उकळलेलं पाणी सासूच्या हातांवर ओतलं आणि बाळाला पुढं केलं.

सोनूबाईचे ओले हात अर्ध्यातच थांबले.

"कसं धरतेत, तेवढं सांग गं. इसरले मी."