एका धावेच्या दोन

बुद्धभूषणला दिसतं, अशी सूर्यभानला पहिली शंका आली ती एका कुत्र्यामुळे. अंबरपेठच्या मैदानाच्या वाटेवर एक पिवळं कुत्रं आडवं पसरलं होतं. बुद्धभूषण पांढरी काठी टेकत आला, हातभर अलीकडे थांबला आणि वळसा घालून निघून गेला. काठी कुत्र्याला लागलीसुद्धा नाही. बाकावर बसलेला सूर्यभान मनात म्हणाला, वा रे पठ्ठ्या!

मैदान सगळ्यांचं होतं. रविवारी सकाळी एका कोपऱ्यात आजीबाया हातपाय हलवत, दुसऱ्या कोपऱ्यात चाकांच्या खुर्च्यांवरची पोरं चेंडू फेकत, आणि मधल्या पट्टीवर अंधांचं क्रिकेट चाले. चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत येतो, आवाजावर बॅट फिरवायची. संघात कुणाला पुसट दिसे, कुणाला जरा बरं, कुणी ठार आंधळा. जो ठार आंधळा त्याची एक धाव दोन धरायची, असा नियम. काळे चष्मे मात्र सगळ्यांनाच. उगाच कुणाबद्दल कुणाला शंका नको.

सूर्यभान सलामीला यायचा. किती वर्षं झाली, ते त्यालाही नीट आठवत नसे. बायको, कोंडाबाई, गेल्यावर घर खायला उठायचं, आणि आठवडाभर तो या एका सकाळची वाट बघायचा. मागल्या साली ऑपरेशनसाठी नांदेडला भाचीकडे जाऊन राहिला. पोरांना हर्निया म्हणून सांगितलं होतं. पोरांनी रोज फोन केले. परत आला तेव्हा एकेकाने हातांनी त्याचा चेहरा चाचपला, मामा बारीक झाले म्हणून कुरकुर केली. त्या मायेत सूर्यभानला सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

आता हा बुद्धभूषण उपटला होता. बरकतपुऱ्याहून यायचा, बँकेत टेलिफोनवर नोकरीला, मूळचा आपल्याच परभणीकडचा. आल्या आल्या "जय भीम, मामा" म्हणाला, ते सूर्यभानला आवडलंही होतं. पण पोरगा खेळायला लागला आणि त्याच्या डोळ्यांत खुपायला लागला. जन्मापासून ठार अंध म्हणे, आणि चेंडू असा टोलवायचा की बघत राहावं! शिकवणारी रेणुका तर हरखूनच गेली. सिकंदराबादच्या संघाशी सामना ठरला, तशी ती सूर्यभानला हळूच म्हणाली की या वेळी सलामीला बुद्धभूषणला पाठवू या, तुम्ही जरा दम खा.

दम खा म्हणे! सूर्यभानला तो रविवार कडू गेला. एकदा खालच्या नंबरावर ढकललेला माणूस पुढच्या वर्षी बाकावर आणि त्याच्या पुढच्या वर्षी घरी बसतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. आणि घरी होतं कोण?

मैदानातून निघताना रेणुका नेहमी त्याचा कोपर धरून रस्ता ओलांडून द्यायची. पासष्टी उलटलेल्या माणसाला ऑटोवाल्यांच्या भरवशावर कोण सोडणार? त्या दिवशी रस्ता ओलांडता ओलांडताच त्याने तिला सांगून टाकलं की पोरगं सोंगाडं आहे, त्याला चांगलं दिसतं.

पलीकडे पोचल्यावर रेणुका थांबली. "कशावरून म्हणता, मामा?"

"असंच. अंदाज आहे."

"अंदाजावर कुणाला काढता येत नाही," ती म्हणाली. "पक्कं काही असेल तर सगळ्यांसमोर बोला."

मग सूर्यभान डोळ्यांत तेल घालून बसू लागला. बुद्धभूषण चहाचा कप कसा उचलतो, बुटाची नाडी कशी बांधतो, जवळून एखादी मुलगी गेली की मान वळवतो का, सगळं हेरायचा. पोरगं मोठं बेरकी, कुठे सापडेना. शेवटी सूर्यभाननेच डाव टाकला. सराव संपून सगळे चहाकडे निघाले, तशी त्याने आपली बॅग अलगद वाटेच्या मधोमध ठेवली, गुडघ्याला लावायच्या मलमासकट, पट्ट्यासकट. बुद्धभूषण आला, थबकला आणि बॅगेला काठी न लावता बाजूने निघून गेला.

सापडला लेकाचा!

चहाच्या टपरीपाशी सगळा संघ जमल्यावर त्याने तोंड उघडलं, आणि साठलेलं सगळं बाहेर पडलं. दिसत असून अंधाचं सोंग घ्यायचं, दुप्पट धावा लाटायच्या, बिचाऱ्या खऱ्या आंधळ्यांच्या तोंडचा घास काढायचा, याला हरामखोरी म्हणतात, असं तो म्हणाला. कुत्र्याचं सांगितलं, बॅगेचं सांगितलं.

"काठी लावली नाही, पाय घासला नाही," तो म्हणाला. "गुपचूप वळसा घालून गेला. विचारा त्याला."

बुद्धभूषण चिडला नाही. त्याने कप खाली ठेवला.

"मामा, कुत्रं धापा टाकत होतं," तो म्हणाला. "आणि तुमच्या मलमाचा वास तर गेटपासून येतो."

पोरं खो खो हसली. हौ मामा, आम्ही तर वासावरूनच तुम्हाला ओळखतो, असं कुणीतरी म्हणालं. सूर्यभान ओशाळला, आणि मग तोही हसायला लागला. पोरगं खरंच आंधळं निघालं, याचं त्याला कुठेतरी बरंही वाटलं.

"पण वळसा घालताना मी तर पावलाचाही आवाज केला नव्हता," बुद्धभूषण जरा गोंधळून म्हणाला.

हसणं एकेकाच्या तोंडावर थांबत गेलं. रेणुका आधीपासूनच हसत नव्हती. ती सूर्यभानजवळ आली, रोजच्यासारखा त्याचा कोपर धरायला हात पुढे केला, आणि तो तसाच मागे घेतला.

"मामा," तिने विचारलं, "मग तुमची एक धाव आम्ही दोन का धरतो?"