शनिवारचा अर्धा तास

चार वाजायला अकरा मिनिटं होती आणि लॅपटॉप हट्टाला पेटला होता. वायरलेस नाही म्हणजे नाही. लिफ्टमिस्त्रीने चष्मा कपाळावर सारला आणि पडद्यावरच्या काळ्या खिडकीत तीच आज्ञा पुन्हा टाकली. मशीनने तेच उत्तर दिलं. वायरलेसचं कार्ड ओळखलंय, पण ते चालवायला लागणारी फाइल नाही. फाइल होती इंटरनेटवर. आणि इंटरनेटसाठी हवं वायरलेस. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. शेवटी त्याने केबल शोधून फोन लॅपटॉपला जोडला आणि फोनचं नेट त्या उपाशी मशीनला पाजायला घेतलं.

चार ते साडेचार. कोर्टाने दर शनिवारी तेवढाच वेळ दिला होता, तोही व्हिडिओवर. मुलगी दहा वर्षांची. आईकडे राहायची, दुसऱ्या गावात. गेले दोन शनिवार त्याने फोनवर भागवलं, पण तळहाताएवढ्या पडद्यावर लेक दिसून दिसणार किती? म्हणून त्याने हा मोठ्या पडद्याचा जुना लॅपटॉप घेतला आणि विंडोज काढून त्या म्हाताऱ्याला झेपेल असं फुकटातलं लिनक्स त्यात बसवलं. चार दिवस कामावरून आल्यावर तो यालाच भिडला होता. "तुला ती खोकी आधी, आम्ही मागून," असं बायको जाताना म्हणाली होती. ते त्याला फार लागलं होतं. आता हे खोकं मुलीसाठीच तर होतं.

लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या एका गटावर त्याला मदत मिळत होती. तिथे कोणाला खरं नाव नव्हतं. 'घुबड' नावाचा एक माणूस तर रोज त्याच्याबरोबर बसून होता. ही आज्ञा दे, ते उत्तर इथे चिकटव, आता हे करून बघ. मिस्त्रीला या कामात एक गोष्ट मनापासून आवडायची. मालकाच्या अधिकाराने कर, असं सांगायला इथे एक शब्द आणि पासवर्ड पुरतो. मशीन मुकाट्याने ऐकतं. घरात त्याचं असं कधी कोणी ऐकलं नव्हतं.

बरोबर चारला फोन वाजला. त्याने केबल न काढता, पडद्याकडे न बघताच उचलला.

"ठकू, पाच मिनिटं हं. फाइल उतरतेय. मोठ्या पडद्यावर येतो, मजा बघ तू!"

"बरं," मुलगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पाचाची दहा झाली, दहाची वीस. फाइल थेंबाथेंबानेच उतरत होती. मध्ये एकदा त्याच्या मनात आलं, मरू दे, सरळ फोनच लावावा. पण वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला उघडलेलं काम अर्धवट टाकता येत नाही. आत अडकलेला कितीही हाका मारो, मिस्त्रीने तारांवरची नजर हलवायची नाही, हे त्याच्या उस्तादाने त्याला कान पिळून शिकवलं होतं.

चार एकवीसला फाइल उतरली. ती जागच्या जागी ठेवून त्याने मशीन बंद करून चालू केलं. कोपऱ्यात पंख्यासारखी छोटी खूण उमटली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नेटवर्कं भराभर ओळीने उभी राहिली. आपलं निवडलं, पासवर्ड दिला. लागलं! त्याने रिकाम्या खोलीत टाळी वाजवली.

चार चोवीसला मुलगी पडद्यावर आली. चांगली पडदाभर.

"ठकू, बघ, चाललं! आवाज येतो?"

"येतो. बाबा, परवा ना शाळेत..."

"थांब थांब, चित्र अडकतंय का बघू. हात हलव."

मुलीने डावा हात हलवला.

"वा! आता जरा मागे सरक. अजून. उजेडात उभी राहा. हां! काय लख्ख आहे गं!"

मग त्याने तिला सगळं सांगितलं. कार्ड कुठलं, फाइल कुठली, कुठे घोडं अडलं होतं. ती ऐकत राहिली. असल्या गोष्टी ऐकायची तिला लहानपणापासून सवय होती.

"बाबा, मी सांगू का आता?"

"एकच सेकंद. अशीच उभी राहा, हलू नकोस." त्याने पडद्याचं चित्र टिपून घेतलं. "हां, बोल."

"साडेचार झाले," मागून तिच्या आईचा आवाज आला.

"पुढच्या शनिवारी सांगते, बाबा," मुलगी म्हणाली आणि गेली.

वेळ थोडा मिळाला याचं त्याला वाईट वाटलं. पण जिंकल्याचा आनंदही होताच, खोटं कशाला बोला. गटाचा एक शिरस्ता होता. अडचण सुटली की पुरावा म्हणून चित्र टाकायचं आणि कशी सुटली ते लिहायचं, म्हणजे मागून येणाऱ्याची सोय होते. उत्तर घेऊन गुपचूप पळणाऱ्याला तिथे पुन्हा कोणी दारात उभं करत नसे. त्याने सगळ्या आज्ञा क्रमाने लिहिल्या, खाली मघाचं चित्र लावलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'सुटलं!'

भराभर उत्तरं आली. शाब्बास. मानलं मिस्त्री. जुन्या मशीनचं सोनं केलंत. तो एकेकाला धन्यवाद देत बसला. थोड्या वेळाने घुबडाचंही आलं.

"अभिनंदन, मिस्त्री. चार दिवसांच्या मेहनतीचं चीज झालं. पण लेकीच्या उजव्या हाताला एवढं मोठं प्लॅस्टर कशाचं?"