बाबांची जखम

“म्हाताऱ्यानं खाल्लं का?” उग्नेने दारातूनच विचारले. ओला कोट अजून अंगावरच होता.

“मघाशीच. तेच ते गुलाबी,” शारूनास म्हणाला. सकाळची पाळी त्याची असे. “आमच्याकडेही उन्हाळाभर बिटाचं गार सूप. मी तर पळूनच जातो. हे बघ कसे ऐसपैस पसरलेत!”

उग्ने हसली आणि खाली वाकली. “बाबा, काल आपण जिंकलो. शेवटच्या क्षणाला बास्केट!”

“स्कोअर सांगितल्यावर ध्वनिलहरी जास्त लागू पडतात, असं लिहू का अहवालात?” शारूनासने विचारले.

“लिही. आणि खाली सही तुझीच कर.”

डॉक्टर अल्दोना आत आल्या. “उग्ने, आज जखम भरलेली नसली तर मी कुणीतरी तरुण घेणार. यांचं वय झालंय.”

“बाबा हट्टी आहेत, मॅडम.”

“तूही आहेस. म्हणून तर इतके दिवस थांबले.”

पहिल्या खेपेला लहरींचा जोर जास्त झाला होता. बाबा पार आक्रसून गेले होते. मग अल्दोनांनी जोर अगदी कमी केला. या लहरी कानाला ऐकू येत नाहीत, पण बेताने दिल्या तर कातडी लवकर सांधते, असा त्यांचा होरा होता. बाबांनी संमतीची सही हौसेने केली होती. “नुसतं पडून राहण्यापेक्षा कामाला तरी येईन,” म्हणाले होते.

शारूनासने लहरींचे यंत्र बंद केले.

“तू बघ,” उग्ने म्हणाली. “माझा धीर होत नाही.”

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“अरे, बोल की!”

“काय बोलू? जखम सापडतच नाहीये!”

अल्दोनांनी त्याला बाजूला सारले आणि स्वतः पाहिले. “भरली,” त्या म्हणाल्या. “पोरांना लाजवलं की हो म्हाताऱ्यानं!”

“म्हणजे राहणार ना ते?”

“राहतील, बाई, राहतील. डोळे पूस आधी.”

शारूनासने पाव आंबवून केलेल्या पेयाची बाटली फोडली. “बाबांना थेंबभर?”

“खबरदार! पथ्य आहे त्यांचं.”

ग्लास रिकामे झाल्यावर उग्नेने सूक्ष्मदर्शकाखालून बाबांच्या कातडीच्या पेशी वाढवलेली तळहाताएवढी पारदर्शक बशी काढली, झाकण नीट बसवले आणि ती उबेच्या कपाटात ठेवून दिली. मग कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून एक मेणबत्ती घेतली आणि ही बातमी सांगायला ती बाबांच्या कबरीकडे निघाली.