खांद्यावरचा हात

पक्षाच्या कचेरीच्या गॅलरीला फलक बांधून झाला आणि खाली चौकात उभ्या असलेल्या सायकलवाल्याला आपलाच हात दिसला.

फलकावर त्याचा मेव्हणा होता. तोंडभर हसणारा, खाली ठळक अक्षरांत ‘आपला उमेदवार’. आणि त्याच्या खांद्यावर चार बोटं, त्यातली करंगळी वाकडी. फोटो दोघांचा होता. छापणाऱ्यानं सायकलवाला कापला होता. बोटं तेवढी कापता आली नव्हती.

ही करंगळी मागच्या निवडणुकीत मोडली, मेव्हण्यावर उगारलेली खुर्ची अडवताना. त्या पोरसवदा मेव्हण्याला पक्षात आणलं त्यानंच. भाषणात कुठं थांबायचं, कुठं पाणी प्यायचं, तेही त्यानंच शिकवलं. यंदाचं तिकीट तुलाच, असं सगळे सायकलवाल्याला म्हणत होते. काल नाव जाहीर झालं ते मेव्हण्याचं. आज सकाळी अर्ज भरायच्या दिवसासाठी नवऱ्याला शिवलेला सदरा हातात घेऊन बायकोनं हळूच विचारलं होतं, “हा त्याला होईल का हो?”

मागं सायकलवाल्याची माणसं जमली होती, खिशात दगड घेऊन. दोनदा त्यानं त्यांना घरी पिटाळून पाहिलं होतं. ती हलली नाहीत. त्यातला एक फलकाकडं बघत म्हणाला, “अगदीच वगळलं नाही म्हणायचं तुम्हाला. चार बोटं जागा ठेवलीय की.” सगळे खिदळले.

तेवढ्यात मेव्हणा गॅलरीत आला. अंगात तोच सदरा. खांद्यावर थोडा ढगळ. फलकावरून वाकून त्यानं हाक मारली.

“दाजी, खाली काय उभे? वर या. तुमच्याशिवाय मी अर्ज भरायला जायचा नाही.”

पोरगं मनापासून बोलत होतं. खोटं बोललं असतं, तर सोसलं असतं.

सायकलवाल्यानं शेजारच्याच्या मुठीतला दगड ओढून घेतला. नेम धरला तो त्या चार बोटांवर. दुसऱ्या कशावरच नाही. दगड हातभर वर जाऊन मेव्हण्याच्या कपाळावर बसला.

मागच्यांना एवढंच हवं होतं. काचा फुटल्या, खुर्च्या उडाल्या, दुकानांची शटरं धडाधड खाली आली. आपण जिना कधी चढलो, हे सायकलवाल्याला कळलंच नाही.

फौजदार आला तेव्हा मेव्हणा पायरीवर बसला होता. सदरा भिजून लाल झालेला. त्याच्या कपाळावर सायकलवाल्यानं तळवा घट्ट दाबून धरला होता.

“पहिला दगड कुणी मारला?” फौजदारानं विचारलं.

एका दोरीवर लोंबणाऱ्या फलकाकडं मेव्हण्यानं बघितलं.

“हात दिसला, साहेब,” तो म्हणाला. “माणूस नाही दिसला.”