अठरा मिनिटांचा चढ

टिंब पुन्हा हललं आणि श्रीनिवासरावांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. घड्याळ त्यांनी पहाटेच फ्रान्सच्या वेळेला लावून ठेवलं होतं. अकरा वाजून चार मिनिटं. वेळापत्रकाच्या कागदाप्रमाणे त्यांच्या बायकोने, अलकाने, या वेळी आल्बीच्या लाल विटांच्या चर्चमधून बाहेर पडायला हवं होतं, आणि ती पडली होती. ग्लासगोच्या घरात, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनकडे बघत त्यांनी मान डोलावली. फोनमधल्या नकाशावर निळं टिंब सरकत होतं. अलकाचा फोन जाईल तिकडे ते जायचं.

सहल खरं तर दोघांची होती. दक्षिण फ्रान्समधली मध्ययुगीन गावं, एका दिवसात, गाइडबिइड न घेता. तुलूझहून ट्रेनने आल्बी, तिथून बसने डोंगरावरचं कोर्द, संध्याकाळी परत. मिनिटामिनिटाचा कागद श्रीनिवासरावांनीच तयार केला होता. मग तीन आठवड्यांपूर्वी दाराबाहेरच्या ओल्या पानांवरून ते घसरले आणि घोटा मोडून बसले. "तू जा. नीनाला घेऊन जा," असं त्यांनीच मोठ्या मनाने अलकाला सांगितलं होतं; नीना तिची जुनी मैत्रीण. ते मोठं मन आज सकाळपासून कुठे गायब झालं होतं कोण जाणे. छत्तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काढली त्यांनी. माणूस गाढ झोपलेला आणि यांची नजर स्क्रीनवर. रेषा ठीक, म्हणजे माणूस ठीक.

बॅटरी संपत आली. चार्जर वरच्या खोलीत. कठडा धरून ते एकेक पायरी चढले. एरवी ते दोन-दोन पायऱ्या घेत, कशाला हात न लावता वर जायचे. या कठड्याशी त्यांची ओळख झाली ती प्लास्टर घालून घरी आले तेव्हा. भिंतीपासून सुटल्यासारखा तो हलत होता. "काय कामं करतात एकेक लोक!" ते पुटपुटले, आणि टिंब चुकेल म्हणून लगबगीने खाली आले.

टिंब कोर्दच्या पायथ्याशी पोचलं होतं. इथे कागदावर दोन आकडे होते. वर चढायला अठरा मिनिटं, हा त्यांचा स्वतःचा हिशोब. शेजारी कंसात पस्तीस, तो अलकाचा. अलका कुठल्याही चढावर दहा पावलं टाकली की थांबायची. कुणाच्या खिडकीतल्या फुलांच्या कुंड्या बघ, दुकानाच्या काचेत डोकाव, फोटो काढ. हे वर जाऊन उभे राहायचे आणि ओरडायचे, "अगं, येतेस ना?"

आज टिंब कुठेही थांबलं नाही. वळणावर नाही, वेशीपाशी नाही, दुकानांच्या गल्लीत तर नाहीच. बरोबर अठराव्या मिनिटाला ते माथ्यावरच्या चौकात होतं.

"शाब्बास!" श्रीनिवासराव मोठ्याने म्हणाले. आणि लगेच त्यांनी कंसातला पस्तीसचा आकडा पुन्हा पाहिला.

म्हणजे हिला चालता येतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समधली ती सात दिवसांची पायवाट हे त्यांचं निवृत्तीनंतरचं एकुलतं एक स्वप्न होतं. दोघांनी मिळून चालायची. तीन वर्षं अलका म्हणत होती, "पुढच्या वर्षी बघू." ते तिला आळशी समजत आले होते. आता त्यांना वाटलं, अडचण वाटेची नाहीच, आपल्या सोबतीची आहे. खोलीभर लंगडत त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. मग राहवेना, म्हणून फोन लावला.

"हॅलो, भाऊजी!" आवाज नीनाचा होता. तिला धाप लागली होती.

"अलकाला दे."

"ती ना... टॉयलेटला गेलीये."

"थांबतो मी."

ते खरंच थांबले. शुद्धीवर येणाऱ्या माणसाची वाट बघायची त्यांना सवय होती.

"भाऊजी, सॉरी, मला नाही जमत खोटं बोलायला," नीना म्हणाली. "अलका इथे नाहीये. आल्बीलाच आहे, नदीकाठी बेंचवर. सकाळपासून. एकदम मजेत आहे हं! फोन आणि कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तू फिर, टिंब टायमावर हललं की ते तिकडे शांत बसतील. इथे पळून पळून माझा जीव गेला!"

"पण ती का नाही आली?"

"अहो, एवढा चढ तिच्या गुडघ्यांना कुठे झेपतोय आता? चार वर्षं झाली की. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही डॉक्टर, घरात रोज बघताच."

श्रीनिवासरावांनी प्लास्टरकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "बघतो ना." मग म्हणाले, "तू सावकाश उतर. कागद फेकून दे."

फोन त्यांनी पालथा घातला. अलकाने काढलेले शेकडो फोटो त्यांना आठवले, परक्या गावांतल्या परक्या लोकांच्या कुंड्यांचे. त्यांना भयंकर लाज वाटली. आपल्याच घरात तोंड कुठे लपवावं ते कळेना.

ते उठून जिन्यापाशी गेले. वर काही काम नव्हतं. त्यांनी कठडा धरला आणि हलवून पाहिला. स्क्रू बोटभर बाहेर आले होते, मागचा गिलावा झिजून भोक मोठं झालं होतं. तीन आठवड्यांत कुठलाही कठडा एवढा ढिला होत नाही.