हरिपदची बायको

"ती आज पुन्हा आलीय," शरदिनी खिडकीतून न वळताच म्हणाली.

बिंदुमाधवनं मान वर केली नाही. ब्रह्मा घाटाच्या वरच्या पायरीवर तोंडावर पदर ओढून बसलेली ती बाई त्याला न पाहताही दिसत होती. दिवेलागणीला यायची, त्यांच्या खिडकीकडे तोंड करून बसायची आणि अंधार पडला की उठून जायची.

"कोण असेल हो?"

"असेल कुणी यात्रेकरू."

कोण ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

पंख्यांच्या कारखान्यातल्या मजदूर युनियनचा तो सेक्रेटरी. त्या वर्षी, चौसष्ट साली, पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले आणि मालक त्यांना अर्ध्या मजुरीवर घ्यायला टपला. युनियननं ठराव केला, बाहेरचा माणूस आत येणार नाही. ठराव बिंदुमाधवनंच मांडला. त्याचे पणजोबा कोकणातून काशीला आले होते, पण ते त्या वेळी त्याच्या मनातही आलं नाही.

हरिपद नावाचा बंगाली फिटर रोज फाटकाशी हात जोडून उभा राहायचा. "घरी बायको आहे, बाबू." बिंदुमाधव रोज त्याला परत पाठवायचा. एके सकाळी हरिपदचं प्रेत रामघाटाच्या पायऱ्यांशी लागलं. जीव दिला, असं सगळे म्हणाले.

त्याच आठवड्यापासून ती बाई येऊन बसू लागली.

बिंदुमाधवला अन्न जाईना. कारखान्यात कुणी मागून "बाबू" म्हणून हाक मारली, तरी त्याच्या अंगावर काटा यायचा. शेवटी त्यानं सभा बोलावली आणि आपलाच ठराव मागे घ्यायला उभा राहिला. निर्वासितांनाही पूर्ण मजुरी द्यायला लावू, त्यांना सभासद करून घेऊ, असं म्हणाला.

एकच गिल्ला झाला. त्याचा लहानपणचा मित्र ढुंढिराज ताडकन उठला. "बिंदू, आपल्याच माणसांच्या पोटावर पाय देतोयस!"

संपलं, असं वाटत असतानाच मागच्या रांगेतून शिवमूरतनं हात वर केला. हा लेथवरचा थोराड गडी फाटकावर निर्वासितांना अडवायला नेहमी पुढे असायचा. तोच हात वर करतोय म्हटल्यावर हळूहळू बाकीचेही हात वर झाले. ठराव बदलला.

त्या संध्याकाळी बिंदुमाधव पहिल्यांदाच तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यानं हात जोडले.

"तुमच्या माणसांना आता काम मिळेल," तो हिंदीत म्हणाला. "हरिपदला मी परत आणू शकत नाही. पण यापुढे फाटकावरून कुणाला परत पाठवणार नाही. मला माफ करा, बहनजी."

बाईनं आजूबाजूला पाहून घेतलं. मग तिनं पदर मागे सारला. भांगात ठसठशीत सिंदूर होता.

"मी त्याची बायको नाही, बाबूजी. मी शिवमूरतच्या घरची. तुम्हाला सांगायचं म्हणून रोज यायचे, पण धीर होत नव्हता." तिचा आवाज खाली गेला. "त्या बंगाल्यानं जीव नाही दिला. काम देतो सांगून ह्यांनी त्याला नावेत बसवलं आणि मधल्या धारेत ढकललं. घरी आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. मी विचारलं, एवढा वेळ कुठे होता? तर म्हणाले, युनियनचं काम होतं."